धावपट्टीवरून गुरांची वाट

शनिवारी दुपारी रेगुलाच्या स्वयंपाकघरात चौघे जेवायला बसले, तेव्हा ते पत्र मिठाच्या भांड्याखाली होते. तिने मुद्दामच तिथे ठेवले होते. ज्याला मीठ लागेल त्याला पत्राला हात लावावा लागेल. तिच्या भावाने, बेआटने, अळणी मॅकरोनी अर्धी संपवली.

"मीठ घे की," रेगुला म्हणाली.

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."

"कधी?"

"आत्ताच."

"इकडे द्या ते," त्यांचा म्हातारा बाप योस्ट म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मिठानं काय होणारेय." त्याने भांडे उचलले, पत्र बाजूला सारले, मीठ घातले आणि भांडे पुन्हा नेमके पत्रावर ठेवले. मग सफरचंदाचा गर वाढून घेतला.

पत्र संरक्षण खात्याच्या जमीन विभागाचे होते, आणि आठवड्यातले तिसरे. ऊंटरबाखच्या हवाई तळावर यापुढे दोन लढाऊ विमाने बारा महिने, रात्रंदिवस तयार ठेवायचा विचार होता. फोन आल्यापासून पंधरा मिनिटांत दोन्ही हवेत. त्यासाठी फुरर कुटुंबाने धावपट्टी ओलांडून गुरे नेण्याचा आपला हक्क सोडावा, अशी विनंती होती. हा हक्क १९४१ सालचा. योस्टच्या बापाचे कुरण धावपट्टीखाली गेले, त्याच्या बदल्यात जमिनीच्या नोंदीत लिहून मिळालेला: गुरे जूनमध्ये डोंगरावर जाताना एकदा, सप्टेंबरात उतरताना एकदा. आज तो तिघांच्या नावावर होता, योस्ट, रेगुला आणि बेआट. तिघांच्या सह्या लागणार होत्या.

सोमवारी गायी उतरणार होत्या. सोमवारीच समिती येऊन चाचणी घेणार होती. सकाळपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर चाचणी गुरांसकट. पंधरा मिनिटांत जमले नाही तर काम दुसऱ्या तळाला जाणार, आणि गुरांमुळे जमले नाही असे ठरले तर हक्क कायद्यानेच काढून घेणार.

"आठ ते बाराच्या मधे केव्हाही भोंगा वाजेल म्हणे," रेगुला म्हणाली. "केव्हाही कसला. माझी पहिली गाय मध्यावर आली की वाजवतील."

"वाजवतीलच," रामोना म्हणाली. बेआटची ही मुलगी तळावर विमानांच्या मेकॅनिकांची पाळीप्रमुख होती. शनिवार असूनही ती कामाच्या निळ्या कपड्यांत आली होती. "आम्हीही तेच केलं असतं, आत्या. सगळ्यात वाईट वेळ धरूनच चाचणी घेतात."

"तूही सही कर म्हणायला आलीस ना?"

"नाही. हे द्यायला आले." रामोनाने पिशवीतून मुरंब्याची एक बरणी काढून टेबलावर ठेवली. आत मुरंबा नव्हता. बारीक तारांचे तुकडे होते, काचेचे मणी, कागदी गुलाबाची पाने, पट्ट्याच्या बकलाची एक जीभ. "मागच्या सप्टेंबरातलं. तुझ्या गायी गेल्यावर धावपट्टीवरून वेचलेलं. त्रेचाळीस तुकडे आहेत."

रेगुलाने बरणी उजेडात धरली. लाल मणी तिने लगेच ओळखला. तिच्या आईने गायीसाठी ओवलेल्या बाशिंगातला होता.

"वर्षभर जपून ठेवलंस?"

"नियम आहे. सापडलेलं फेकायचं नाही." रामोनाने ताट सरकवले. "ऐक. गायी चार मिनिटांत पार होतात. शेण पाण्याची गाडी दोन मिनिटांत धुते. वेळ जातो तो ह्यात. माणसं रांगेत, वाकून, पाऊल पाऊल चालतात. वीस मिनिटं. इंजिन जमिनीवरचं सगळं आत ओढतं. एवढीशी तार गेली की इंजिन संपलं, आणि उडतानाच संपलं तर वैमानिकही."

"मग?"

"गायी तशाच आण. बाशिंगं नकोत, फुलं नकोत, घंटाही नकोत."

बेआटने काटा खाली ठेवला. योस्टने खिडकीकडे पाहिले.

त्या खोऱ्यात सप्टेंबरात गायी सजवूनच उतरवतात. बोडक्या उतरतात त्या एकाच कारणाने. उन्हाळ्यात घरातले कोणी गेले असेल तर. नऊ वर्षांपूर्वी रेगुलाचा नवरा थेओडोर उतारावर गवत कापताना पडला, त्या सप्टेंबरात तिने चाळीस गायी तशा आणल्या होत्या. सगळे गाव टोप्या काढून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि नुसत्या खुरांचा आवाज होता.

"तशा मी परत आणणार नाही," ती म्हणाली.

"मला माहितेय, आत्या, तुला किती..."

"तुला माहितेय! वीस वर्षांची होतीस तू. मागून चालत होतीस आणि रडत होतीस. पुढे मी होते."

"पलीकडे गेल्यावर सजव ना," बेआट म्हणाला.

"चाळीस गायींना? वरती पहाटे चारपासून सहा माणसं लागतात. आणि खाली गाड्यांच्या रस्त्यावर त्या गप उभ्या राहतील? तू पोस्टात बसून बसून गाय कशी असते ते विसरलास, बेआट."

"मग सही कर. रस्त्यानं वळसा घाल."

"नऊ किलोमीटर डांबर, दोन मोठे चौक आणि एक पेट्रोल पंप. निम्म्या गायी गाभण आहेत. डोंगर उतरून आलेल्या. दोन वर्षांत वरचं कुरण सोडावं लागेल, आणि सोडलं की मला गुरंच नकोत."

"आणि तळ गेला तर बासष्ट लोक कुठं जातील? ही कुठं जाईल?" बेआटने मुलीकडे बोट दाखवले.

"मला बोटं दाखवू नका, बाबा," रामोना म्हणाली. "मी बरणी द्यायला आले होते. दिली."

रेगुलाने बरणी कपाटात, खऱ्या मुरंब्यांच्या रांगेत ठेवून दिली आणि भांडी गोळा करू लागली.

*

रविवारी प्रार्थनेनंतर बेआट बापाला घेऊन घरामागच्या बाकावर बसला. समोर धावपट्टी पडली होती, रविवारची, रिकामी. पलीकडे डोंगराच्या पोटात हँगरचे काळे तोंड उघडे होते. दोन्ही बाजूंना गुरांच्या वाटेची लाल-पांढरी फाटके. योस्टने तळाच्या नोकरीत त्यातले अलीकडचे फाटक एकतीस वर्षे उघडले आणि लावले होते.

"बाबा, मी शुक्रवारी सही करून दिली," बेआट म्हणाला.

"माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"तू मीठ घेतलं नाहीस."

बेआटला हसू आले नाही. कालपासून त्याने सहीचे ते वाक्य तोंडात घोळवले होते, आणि ते असे फुकट गेले. "मी आईच्या आजारपणात इथं होतो. थेओडोर गेला तेव्हा होतो. आता माझी एकुलती एक मुलगी देशाच्या त्या टोकाला गेली तर माझ्याजवळ कोण? रेगुलाला गायी आहेत."

"हं."

"तुम्ही सही केलीत तर ती करेल."

"ती करेल तर मी करीन. आधी ती."

"म्हणजे सगळं तिच्यावर ढकलायचं?"

"गुरं तिची आहेत. तू शेवटची गाय कधी पिळलीस?"

"हे उत्तर नाही झालं."

योस्टने काठीने खडे सारखे केले. "आमच्या वेळी विमानं सकाळी आठला उडायची, बाराला जेवायला उतरायची. दीडला परत. पाचला घरी. शत्रूलाही वेळापत्रक पाठ असणार. तेव्हा गायींनी कुणाचं काही अडवलं नाही. आता देशाला रात्रीची पण काळजी लागलीय. लागू दे. ते खरं आहे, चूक म्हणत नाही मी. पण पोरीनं एक तिसरी गोष्ट सांगितली. तू ती ऐकलीसही नाहीस."

"बोडक्या गायी? ती कधीच आणणार नाही. आणि लोकांना काय वाटेल? घरात मरायच्या वयाचं माणूस एकच आहे."

"मला काय त्याचं? मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसेन. ज्याला शंका असेल त्यानं येऊन चिमटा काढावा."

बेआटला ती नऊ वर्षांपूर्वीची वाट आठवली. थेओडोरच्या वर्षी रामोनाशेजारून तोही चालला होता. चर्चच्या वळणावर रेगुला थांबली होती, पुढच्या गायीच्या मानेवर कपाळ टेकून, फार तर अर्धा मिनिट. ते त्याने कुणाला सांगितले नव्हते.

संध्याकाळी त्याने बहिणीला फोन केला. ती वरच्या कुरणावर पोहोचली होती.

"पहाटे चारला मी व्हॅन घेऊन वर येतो. तू बाशिंगं बांधायची ठरवलीस तर बांधायला मदत करतो. नाही ठरवलीस तर खोक्यांत भरून रस्त्यानं खाली आणतो. काय ते तू ठरव."

"तू सही केलीयेस ना?" रेगुलाने विचारले.

"हो."

"मग हे कशाला?"

"गाय कशी असते ते बघायला," बेआट म्हणाला.

तिने फोन ठेवला. पण येऊ नकोस असे म्हणाली नाही.

*

सोमवारी साडेसातला समितीचा कर्नल डोंगरातल्या हँगरमध्ये आला. त्याने दोन्ही विमाने पाहिली, वैमानिकांशी हात मिळवले आणि म्हणाला, "दार लावून घ्या."

"दार?" रामोनाच्या साहेबाने विचारले.

"रात्री तयारीत असताना दार बंदच असणार. चाचणी तशीच हवी."

बरोबर होते. दोन हात जाडीची दोन पोलादी कवाडे कुरकुरत मिटली आणि आत नुसते दिवे उरले. रामोना शिडीपाशी उभी राहिली. तिच्या माणसांनी महिनाभर सराव केला होता: वैमानिक किती सेकंदांत चढतो, विमानाला लावलेल्या सुरक्षेच्या खिळ्या किती सेकंदांत निघतात, पाण्याची गाडी कुठे उभी हवी. सगळे घड्याळ लावून. गायींचा अंदाजही तिने बारा वेळा मांडला होता. बाकी आत्या काय करणार, ते तिला माहीत नव्हते. सकाळपासून बापाचा फोनही लागत नव्हता.

दहा वाजून बारा मिनिटांनी भोंगा वाजला.

वैमानिक धावले. खिळ्या निघाल्या. एका मिनिटाने दोघे आत बसले होते. दारवाल्या माणसाने दांडा ओढला. मोटर गुणगुणली, कवाडे वीतभर सरकली आणि थांबली.

"परत ओढ."

मोटर पुन्हा गुणगुणली आणि बंद पडली. "तापलीय. दोन मिनिटं थांबावं लागेल."

"तापली? आत्ता तर सुरू केलीस."

"जुनी मोटर, जड दार, जरा ओढली की तापते. रोज एकदा उघडतो, एकदा लावतो. घाई कधीच नसते."

तेव्हा रामोनाला ते कळले. ऐंशी वर्षे हे दार सकाळी सहाला उघडत होते आणि संध्याकाळी लागत होते. विमाने निघायच्या वेळी ते नेहमी उघडेच असायचे. त्यांनी सगळ्याला घड्याळ लावले होते, शेण धुण्यालासुद्धा. दाराला कधीच लावले नव्हते. आणि दार उघडल्याशिवाय इंजिन सुरू करणे शक्य नव्हते. आत माणसे गुदमरली असती.

ती फटीपाशी गेली. वीतभर उजेडातून धावपट्टी दिसत होती. गायी चालल्या होत्या. ती ऐकत राहिली. भोंगा थांबला होता आणि बाहेर एकही घंटा वाजत नव्हती. पुढे रेगुला होती, काळ्या जाकिटात, मागे बघत नव्हती. गायींची डोकी बोडकी होती.

शेवटची गाय फाटकातून गेली. पाण्याची गाडी आली. माणसांची रांग वाकून निघाली आणि न थांबता पलीकडे पोहोचली. वेचायला काही नव्हतेच. अकराव्या मिनिटाला रेडिओवर आवाज आला, "धावपट्टी मोकळी."

दार तेव्हा निम्मे उघडले होते. त्यातून पंख जाणार नव्हता.

*

रेगुला गावाकडच्या फाटकातून बाहेर पडली आणि गाव तिच्यासमोर उभे होते.

सजलेल्या गायी बघायला आलेली माणसे होती ती, मुलांना खांद्यावर घेतलेली. पहिली बोडकी गाय दिसताच बोलणे थांबले होते. टोप्या उतरल्या होत्या. बेकरीवाल्या बाईने क्रूसाची खूण केली. रेगुलाने मान खाली घातली नाही. तिने रात्रभर हेच मनात चालवून पाहिले होते. चालवताना जेवढे जड वाटले होते तेवढे आता वाटत नव्हते, किंवा वाटायला वेळ नव्हता.

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. एक ठोका, मग थांबून एक.

योस्टला समितीने धावपट्टीच्या त्या बाजूला, डोंगराकडच्या फाटकापाशी खुर्ची दिली होती. जमीन विभागाची ब्युलरबाई त्याच्या शेजारी फाइल घेऊन उभी होती. त्याने कान दिला.

"पुरुषासाठी वाजवतोय," तो म्हणाला. "कोण गेलं?"

"मला इथलं काही माहीत नाही, आजोबा."

योस्टने पलीकडच्या टोप्या काढलेल्या गर्दीकडे पाहिले. "मीच वाटतं," तो म्हणाला. "बाई, मला जरा पलीकडे नेता? नाहीतर हा घंटावाला मेल्खिओर पूर्ण वाजवून टाकेल, आणि मग खऱ्या वेळी म्हणेल, एकदा वाजवली की."

दोन्ही विमाने गेली तेव्हा सगळ्यांनी कान झाकले. गायींनी फक्त माना हलवल्या. या गायी त्या आवाजातच वाढल्या होत्या. मागोमाग एक जीप आली. आधी ब्युलरबाईने योस्टला उतरवले. त्याला दोन पायांवर बघून कोणीतरी चर्चकडे पळत सुटले आणि घंटा मध्येच बंद पडली. मग कर्नल उतरला, रामोना आणि तिचा साहेब उतरले.

"अठरा मिनिटं, दहा सेकंद," कर्नल म्हणाला. त्याने रेगुलाला नमस्कार केला. मग धावपट्टीवरच्या ओल्या पट्ट्याकडे बघितले. "तुम्ही शक्य ते केलंत, बाई. पण गुरांचा अडथळा, असं लिहावं लागेल."

साहेब आपल्या बुटांकडे बघत होता. रेगुलाने रामोनाकडे पाहिलेसुद्धा नाही. पोरीची नोकरी, साहेब समोर. तिच्याकडून काही मागणे बरोबर नव्हते.

"नाही," रामोना म्हणाली. "धावपट्टी अकराव्या मिनिटाला मोकळी होती. रेडिओच्या वहीत वेळ आहे. विमानं निघाली नाहीत कारण दार उघडलं नाही. आम्ही दाराला कधी घड्याळच लावलं नव्हतं. पाळी माझी होती."

"रामोना," साहेब हळूच म्हणाला.

"सर, गायी दारामागे नव्हत्या."

कर्नलने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. मग कागदावर एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. "दार नवीन करायचं म्हणजे दोन वर्षं," तो म्हणाला. "तोपर्यंत हे काम दुसरीकडे जाईल. माणसंही तिकडेच लागतील. तुम्हाला हे ठाऊक आहे ना?"

"हो."

"गुरांची वाट राहील. ओलांडताना अंगावर काही नको, एवढी अट नोंदीत जाईल." तो जीपकडे वळला, मग थांबून रामोनाला म्हणाला, "तिकडे पाळीप्रमुख लागेल. दार तपासणारी."

व्हॅनच्या मागून बेआट आला. पहाटेपासून त्याने सगळी बाशिंगे खोक्यांत भरून नऊ किलोमीटरचा वळसा घातला होता. त्याने सगळे ऐकले होते. तो सरळ ब्युलरबाईसमोर उभा राहिला.

"माझी सही परत द्या."

"ती फाइलला लागलीय."

"राहू दे," रेगुला म्हणाली. "दोन वर्षांनी परत मागतील. तेव्हा तुझे कष्ट वाचतील."

योस्ट खो खो हसला आणि त्याला खोकला आला. बेकरीवाली पाणी घेऊन धावली.

बेआट मुलीजवळ गेला. "कधी निघायचं?"

"पहिल्या तारखेला असेल, बाबा."

"एवढं बोलायची काय गरज होती?" तो हळू म्हणाला. त्याला राग आला नव्हता. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

"माझं कामच ते आहे. काय झालं ते सांगायचं."

रेगुलाने व्हॅनचे दार उघडले. वरच्या खोक्यात सगळ्यात मोठे बाशिंग होते, आईच्या हातचे, लाल मण्यांचे. एक जागा रिकामी होती. तिने ते बाहेर काढले आणि पुढच्या गायीच्या, आल्माच्या, शिंगांवर बसवले. बाकीच्या एकोणचाळीस तशाच राहिल्या. मग तिने आल्माचा दोर सोडवून रामोनासमोर धरला.

"मी?" रामोना म्हणाली. "आत्या, उन्हाळाभर वर राहतो त्यानं दोर धरायचा. मी तर..."

"धर."

"माझ्या कपड्यांना तेलाचा वास आहे. ती हलायची नाही."

"हलेल. मी मागे आहे."

आल्माने रामोनाची बाही हुंगली आणि पाय रोवले. बाजूला उभ्या गावाने वाट पाहिली. कुणी टोपी घातली नाही, कुणी हसले नाही. रामोनाने दोर ओढला नाही. तिने नुसता हात गायीच्या मानेवर ठेवला, आणि थोड्या वेळाने गाय चालू लागली.